बूड, सीट आणि दोनशे किलोमीटर : नागपुरातील तीन सायकलींच्या प्रकल्प नोंदी

५ ऑक्टोबर

तीन सायकली, तीन तक्रारी. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत तिन्हींवर २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, म्हणजे ब्रेव्हेच्या (ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेरीच्या) वेळेत, बसवेल असे करायचे आहे. पाय आणि दम तिघांकडेही आहे. घोडे अडते ते बुडापाशी.

क : सरळ हँडलची हायब्रिड, ३५ मिमी टायर, रुंद सीट, वर जेलचे कव्हर. ६० किलोमीटरनंतर जांघेत आग, दुसऱ्या दिवशी चट्टे.

ख : ड्रॉप हँडलची रोड बाइक, २५ मिमी टायर, १३० मिमी रुंदीची सीट. ४० किलोमीटरनंतर पुढचा भाग बधिर, उतरल्यावर मुंग्या.

ग : स्टीलची टूरिंग, चामड्याची सीट. प्रत्येक लांब फेरीनंतर उजव्या बाजूला, त्याच जागी केसतोड.

नियम दोनच. पहिले सहा आठवडे नवी सीट घ्यायची नाही. एका फेरीत एकच बदल करायचा. दुसरा नियम पाळणे जास्त जड जाते, कारण पाना हातात आला की सगळेच बोल्ट सैल करावेसे वाटतात. मग दुखणे कमी झाले तरी कशाने झाले ते कळत नाही.

६ ऑक्टोबर

पाना हातात घेण्याआधी दुखण्याची जात ठरवली. सगळे मिळून ‘सीट लागते’ म्हणतात, पण ही तीन वेगवेगळी दुखणी आहेत.

हाडाचे : बैठकीच्या दोन हाडांखाली मुका मार लागल्यासारखे ठसठसते. बोट ठेवून जागा दाखवता येते. महिनाभर सायकल न चालवता एकदम १०० किलोमीटर केले की बहुतेकांना होते, आणि दोन-तीन आठवडे नियमित बसले की ओसरते. यासाठी सीट बदलणे म्हणजे पैसे वाया.

मऊ भागाचे : दोन हाडांच्या मधल्या जागेवर भार येतो, तिथली पुडेंडल नस आणि रक्तवाहिन्या दाबल्या जातात. दुखण्याऐवजी बधिर होते, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. तिन्हींत हे सर्वांत गंभीर. याला सवय हा उपाय नाही. उतरल्यानंतरही बधिरपणा टिकत असेल तर सायकल बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जायचे.

कातडीचे : घाम, मीठ आणि घर्षण. आधी लाली, मग सोलवटणे, मग केसाच्या मुळाशी जंतू गेले की केसतोड.

याप्रमाणे क कातडीचा, ख मऊ भागाचा. ग दिसायला कातडीचा, पण एकाच बाजूला होतोय म्हणजे मूळ कातडीत नाही, बसण्यात आहे.

८ ऑक्टोबर : मापे

हाडांचे अंतर मोजायला दुकानातले यंत्र लागत नाही. कळमन्याच्या बाजारातून आलेल्या संत्र्याच्या खोक्याचा नालीदार पुठ्ठा घेतला. ३० × ४० सेंमीचा तुकडा लाकडी स्टुलावर ठेवायचा (खुर्चीवर नको, गादीवर तर नकोच), पातळ चड्डी घालून बसायचे, टाचा उचलून गुडघे थोडे वर आणायचे, कंबरेतून पुढे वाकायचे आणि दोन्ही हातांनी स्टूल वर ओढल्यासारखे करून अर्धा मिनिट थांबायचे. उठल्यावर पुठ्ठ्यात दोन खळगे दिसतात. दिवा तिरका धरला की स्पष्ट दिसतात. खळग्यांवर खडू आडवा फिरवायचा, मध्यबिंदू ठरवायचे, अंतर मोजायचे. तीनदा करायचे. तीन मापांत ५ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर बसण्यात गडबड आहे.

आलेले आकडे : क १२४ मिमी, ख ११८ मिमी, ग १३२ मिमी.

सीटची रुंदी या मापापेक्षा २० ते ३० मिमी जास्त हवी. हाडाचा मध्य सीटच्या कडेवर येऊन चालत नाही, कारण कडा खाली वळलेली असते. ख ला निदान १३८ ते १४३ लागेल आणि बसवली आहे १३०. म्हणजे हाडे कडेवरून घसरतात आणि भार मध्यावर येतो. तरीही सीट आत्ता बदलायची नाही. आधी बाकीचे दोष काढायचे. रुंद सीट चुकीच्या कोनात बसवली तरी बधिरपणा येतोच.

११ ऑक्टोबर : उंची

पायाची आतली लांबी : अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहायचे, जाड पुस्तक दोन पायांत सीटसारखे वर दाबायचे, पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचे. ती गुणिले ०.८८३ म्हणजे क्रँक (पेडल धरणारा दांडा) ज्या आसाभोवती फिरतो त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचे अंतर, सीट ट्यूबच्या (सीटखालच्या फ्रेमच्या नळीच्या) रेषेत. हा आकडा सुरुवातीपुरता. बुटाचा तळ, पेडल, क्रँकची लांबी यांनी पाच-सात मिमी इकडे-तिकडे होते.

ख : लांबी ८२ सेंमी, हिशेब ७२.४, प्रत्यक्ष ७२.२. ठीक.

ग : लांबी ७६ सेंमी, हिशेब ६७.१, प्रत्यक्ष ६८.८. सतरा मिमी जास्त! केसतोडाचे मूळ इथे सापडले. सीट उंच असली की पेडल खाली जाताना पाय पुरत नाही, कंबर त्या बाजूला झुकते. दोन्ही बाजूंना सारखी झुकली तर दोन्हीकडे घासते; एक बाजू नेहमी जास्त झुकते, म्हणून एकाच जांघेत.

खात्रीसाठी सायकल ट्रेनरवर (जागच्या जागी पेडल मारायच्या स्टँडवर) लावून चड्डीच्या कमरपट्ट्यावर पांढरी टेप आडवी चिकटवली आणि मागून मोबाइलने व्हिडिओ घेतला. उजवे पेडल खाली जाताना टेपचे उजवे टोक बोटभर खाली जाते. डाव्या बाजूला जवळपास हलत नाही.

सतरा मिमी एका दिवसात उतरवायचे नाही, गुडघे कुरकुरतात. आज १० मिमी, आठवड्याने ५ मिमी. आणखी एक गोष्ट सगळे विसरतात : सीट ट्यूब तिरकी असते, ७३ अंशांच्या आसपास. त्यामुळे पोस्ट (सीट धरणारा, ट्यूबमध्ये जाणारा दांडा) १५ मिमी खाली गेली की सीट सुमारे साडेचार मिमी पुढेही येते. तेवढी ती रेलवर (सीटखालच्या दोन सळ्यांवर) मागे सरकवावी लागते. उलट, सीट १० मिमी मागे नेली तर पायासाठी ती ३ मिमी उंच झाल्यासारखे होते. एक माप हलवले की दुसरे तपासायचे.

पोस्टवर जुन्या आणि नव्या जागी नेलपॉलिशची रेघ मारली. टेप घामाने सुटते.

१२ ऑक्टोबर

क चे जेल कव्हर काढले. मालकाचा चेहरा पडला, पण प्रश्न कव्हराचाच होता. मऊ कव्हरात हाडे खाली बुडतात आणि मधला भाग वर फुगतो, म्हणजे भार जिथे नको तिथे येतो. शिवाय कव्हर सीटला नाडीने बांधलेले असते. प्रत्येक पेडलबरोबर ते दोन-तीन मिमी डावीकडे-उजवीकडे सरकते आणि कातडी सोबत घेऊन जाते. मिनिटाला ८० फेरे धरले तर तासाला जवळपास पाच हजार वेळा. बाजारहाटाला जेल चालते; तासाभराच्या पुढे ते शत्रू आहे.

१९ ऑक्टोबर : रामटेक फेरी

पहाटे साडेपाचला निघून कामठी, कन्हान, मनसर, रामटेक आणि परत. मीटरवर शंभराच्या आसपास.

क : कातडीची आग कमी, पण आता हाडे ठसठसतात. हे अपेक्षितच होते. रोग बदलला नाही, साधा झाला.

ग : १० मिमी खाली. लाली आहे, केसतोड नाही.

ख : ४५ किलोमीटरला बधिर. फरक नाही.

ख बरोबर मागे राहून पाहिल्यावर एक गोष्ट दिसली. तो जवळजवळ सीटवरून उठतच नाही. हा दोष त्याचा नाही, आपल्या रस्त्यांचा आहे. पुण्याकडच्या सायकलस्वाराला घाट लागतो, चढावर तो आपसूक पेडलवर उभा राहतो, बुडाला रक्त मिळते. इथे मनसरपर्यंत रस्ता पाटासारखा सपाट. उभे राहायला कारणच मिळत नाही. सपाट रस्ता पायांना सोपा आणि बुडाला अवघड असतो, हे बाहेरून आलेल्यांना पटत नाही.

म्हणून घड्याळ लावायचे. दर १५ मिनिटांनी उठायचे आणि २० ते ३० पेडल मारेपर्यंत बसायचे नाही. उठण्याआधी दोन गिअर जड करायचे, नाहीतर पाय भसकन खाली जातो आणि परत सीटवर आदळणे होते. आधी उठून मग गिअर बदलायला गेले तर साखळीवर ताण येतो.

२४ ऑक्टोबर : कोन

आज ख वर अडीच तास गेले. या प्रकल्पातले सर्वांत बारीक काम हेच.

सायकल सपाट फरशीवर उभी केली. फरशी सपाट आहे का हे आधी पाहिले. गवंड्याची पाणसळ सरळ पट्टीवर ठेवून सीटच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागावर टेकवली. शेपटीकडे वर वळलेली सीट असेल तर पूर्ण लांबीवर पट्टी ठेवल्यास खोटा कोन दिसतो. नाक ३ अंश वर निघाले. २७० मिमी लांबीच्या सीटला एक अंश म्हणजे टोकाशी ४.७ मिमी. तीन अंश म्हणजे १४ मिमी : डोळ्याला फारसे दिसत नाही, पण नेमके नसेवर टेकते.

सीट पोस्टला एकच बोल्ट आणि दातेरी क्लॅम्प आहे. त्यात कोन दात्यादात्याने बदलतो. एका दात्याला नाक वर, पुढच्याला फार खाली, मधले काहीच नाही. दाते थोडे झिजलेलेही होते. खड्ड्यात गेले की ‘कट्’ आवाज येऊन नाक आपोआप वर येते. बहुधा तीन अंश असेच आले असावेत. २७.२ मिमीची दोन बोल्टची पोस्ट बसवली. सीट तीच ठेवली, नियम मोडला नाही. दोन बोल्टच्या पोस्टमध्ये मागचा अर्धा फेरा सैल, पुढचा अर्धा फेरा घट्ट, असे केले की नाक अर्धा ते पाऊण अंश खाली येते. दोन्ही एकदम सैल करायचे नाहीत.

आधी शून्य अंश ठेवले. फुटाळ्यापर्यंत जाऊन आल्यावर एक अंश खाली केले. त्याखाली नको : दोन-तीन अंशांच्या पुढे शरीर पुढे घसरते, ते रोखायला हात ताठ होतात, तळहात बधिर होतात. बूड बरे आणि हात गेले, हा सौदा परवडत नाही.

पोस्ट बसवताना आत ग्रीसचा पातळ थर दिला (कार्बन पोस्ट असती तर ग्रीस नाही, कार्बन पेस्ट). फ्रेमचा क्लॅम्प ५ न्यूटन-मीटर. पोस्टवरची किमान घुसवण्याची रेघ फ्रेमच्या आत आहे हे पाहिले. रेलला क्लॅम्प रेलच्या सरळ भागावरच धरला पाहिजे, वाकलेल्या भागावर नाही. तिथे धरला की रेल एक दिवस तुटते.

२ नोव्हेंबर

ख : बधिरपणा आता ७० किलोमीटरला. कोन आणि उठणे मिळून ३० किलोमीटर पदरात पडले. पण एक खूण अजून आहे : दर पाच-सात मिनिटांनी तो मागे सरकून बसतो. मागे सरकणारा स्वार म्हणजे हँडल लांब. हात पुरत नाहीत म्हणून शरीर सीटच्या नाकाकडे ओढले जाते. त्यावर सीट पुढे घेणे हा चुकीचा इलाज. त्याने गुडघ्याची जागा बिघडते. ओळंबा लावून पाहिले : क्रँक आडवा असताना गुडघ्याच्या वाटीखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून सोडलेला दोरा पेडलच्या आसावरून जातो. सीटची जागा बरोबर. स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) ११० मिमीची काढून ९० ची बसवली, स्टेमवरचा एक स्पेसर (कडे) स्टेमखाली घेऊन हँडल १० मिमी उचलले. हेडसेटचा (हँडल फिरते त्या बेअरिंगचा) ताण पुन्हा पाहिला : पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवायची, खडखड नको.

ग : आता एकूण १५ मिमी खाली, साडेचार मिमी मागे. टेपचा व्हिडिओ पुन्हा घेतला, टोक हलत नाही. बाजू झुकणे गेले.

५ नोव्हेंबर : चामड्याची सीट

ग च्या सीटवर आडवी पट्टी ठेवली तर उजवीकडे खोलगट, डावीकडे टणक. महिनोन्‌महिने तिरके बसल्याने चामडे तसे ओढले गेले आहे. नाकाखालचा ताणाचा बोल्ट पाव फेरा घट्ट केला. एका वेळी पावच. जास्त ताणले तर रिव्हेटपाशी चामडे फाटायला लागते, आणि बोल्टने एका बाजूचा खोलगा भरत नाही, एवढेच की वाढत नाही. बाकी काम नीट बसण्याने व्हायचे.

चामडे झोळीसारखे असते, मध्ये लवते. म्हणून इथे पाणसळीचा नियम जसाच्या तसा लावायचा नाही. नाक एक-दोन अंश वर ठेवले तरच शरीर पुढे घसरत नाही. ख ला जे विष ते ग ला औषध.

अवकाळी पावसात भिजली तर सीट सावलीत वाळवायची, ओली असताना बसायचे नाही. आपल्या उन्हात ठेवली तर पापडासारखी होते. कंपनीचे मेण वरून पातळ, खालून थोडे जास्त. खोबरेल किंवा एरंडेल चोळायचे नाही. चामडे मऊ पडून झोळी लोंबते, मग ताणाचा बोल्ट संपेपर्यंत फिरवला तरी उपयोग नाही.

९ नोव्हेंबर : सिमेंटचे रस्ते

शहरातून बाहेर पडेपर्यंत सिमेंटचा रस्ता आहे. त्याच्या लाद्यांना साधारण दर साडेचार मीटरवर आडवा सांधा असतो. ताशी २५ च्या वेगाने सेकंदाला दीड सांधा, म्हणजे तासाला साडेपाच हजार ठोके. डांबरी रस्त्याचा खड्डा दिसतो आणि चुकवता येतो. हे ठोके दिसत नाहीत, मोजले जात नाहीत, पण तीन तासांनी बूड हिशेब मांडते.

ख च्या टायरमध्ये ११० पीएसआय हवा होती. ७४ किलो वजनाला २५ मिमी टायरमध्येही हे जास्तच. २८ मिमी टायर घातले (फ्रेम आणि ब्रेकपाशी चारही बाजूंनी ४ मिमी मोकळे आहे हे आधी पाहिले), मागे ७५, पुढे ७० पीएसआय. फार कमी केले तर सांध्याच्या कडेवर ट्यूब रिमला दाबली जाऊन साप चावल्यासारखी दोन भोके पडतात. सीट पोस्टमध्ये स्प्रिंग घालण्यापेक्षा हा बदल स्वस्त आणि जास्त गुणाचा.

क ला ५५ वरून ५०.

१५ नोव्हेंबर : कपडे

पॅडच्या चड्डीखाली दुसरी चड्डी घालायची नाही. हे सांगायला संकोच वाटतो म्हणून कोणी सांगत नाही, आणि क महिनाभर सुती अंडरवेअरवर पॅड घालत होता. सुती कापड घाम धरून ठेवते, त्याची शिवण जांघेत बरोबर पॅडच्या कडेशी येते. पॅड कातडीला लागूनच हवा आणि बसल्यावर हलता कामा नये. चड्डी उभे असताना थोडी आवळ वाटली तर माप बरोबर.

मलम सुपारीएवढे, जांघेच्या वळीत आणि हाडांवर. अडीच-तीन तासांनी पुन्हा. पेट्रोलियम जेली चालते, पण पॅडमधून धुऊन निघत नाही. थंडाव्याचे मेंथॉल असलेले मलम सोलवटलेल्या जागी लावू नये, डोळ्यांत पाणी येईल.

घरी आल्याबरोबर चड्डी उतरवायची. चहा नंतर. अंघोळ, कोरडे करणे, मग सैल सुती कपडे. चड्डी उलटी करून साध्या साबणाने धुवायची. कापड मऊ करणारे द्रव पॅडवर थर धरतात आणि घाम शोषणे बंद होते. केसतोड फोडायचा नाही; शेकायचे, आणि ताप आला किंवा लाली पसरली तर डॉक्टर.

१७ नोव्हेंबर

सहा आठवडे झाले. क ला नव्या सीटची गरज नाही. ग ला नाही. ख ला आहे.

१४३ मिमी रुंद, मध्ये पूर्ण आरपार खाच, नाक आखूड, एकूण लांबी २४५ मिमी. बिननाकाच्या सीटचाही विचार झाला. अमेरिकेत एनआयओएसएच या सरकारी संस्थेने सायकलवरून गस्त घालणाऱ्या पोलिसांना अशा सीट देऊन पाहिल्या आणि बधिरपणा कमी झाल्याचे २००८ मध्ये मांडले. पण नाक नसले की जांघांनी सायकल वळवता येत नाही, आणि ट्रकच्या वाऱ्यात हायवेवर तो आधार लागतो. म्हणून खाच.

सीट बदलताना ‘टोकापासून टोक’ मापून जुनी जागा नव्याला लावायची नाही. आखूड नाकाच्या सीटचे टोक अर्थातच मागे असते. दोन्ही सीटवर जिथे रुंदी ८० मिमी होते ती जागा पेन्सिलने खुणावली आणि त्या खुणा हँडलपासून सारख्या अंतरावर आणल्या. उंचीही तिथेच मोजली : नवी सीट रेलपासून ६ मिमी ठेंगणी, म्हणून पोस्ट ६ मिमी वर.

२३ नोव्हेंबर : वर्धा आणि परत

मीटरवर १५० च्या पुढे. ख : बधिरपणा नाही. हाडे १२० नंतर दुखली. नव्या जागी भार आला आहे, सवय व्हायला वेळ लागेल. क : लाली नाही. ग : काही नाही. पहाटे गारवा, परतीला ऊन. बुटीबोरीला मलम पुन्हा लावले.

७ डिसेंबर : २०० किमी

अमरावती रस्ता. वाडी, बाजारगाव, कोंढाळी, कारंजा घाडगे. मीटरवर १०० दिसताच वळायचे. पहाटे पाचला सुरुवात, सकाळी समोरून वारा. वाऱ्यात सगळे खाली वाकतात, कंबर पुढे कलते आणि भार हाडांवरून मऊ भागाकडे सरकतो. म्हणून त्या टप्प्यात उठण्याचे अंतर १५ वरून १० मिनिटांवर आणले. परतीला पुन्हा १५. थांबे चार, प्रत्येक १५ ते २० मिनिटे. थांब्यावर बसायचे नाही, उभ्यानेच तर्री-पोहे.

एकूण वेळ ११ तास ४० मिनिटे. क ची सीट १६० ला किरकिरली : रेल आणि क्लॅम्पमध्ये धूळ, बुडाचा संबंध नाही. ख ला १४० ला एकदा मुंग्या, दोन मिनिटे उभे राहिल्यावर गेल्या. ग ला उजवीकडे नखाएवढी लाली, दुसऱ्या सकाळी दिसत नव्हती.

८ डिसेंबर

तिन्ही पोस्ट बाहेर काढल्या, पुसल्या, ग्रीस दिले, नेलपॉलिशच्या रेघेवर परत बसवल्या. ख च्या पोस्टचे दोन्ही बोल्ट पाव फेरा सैल निघाले. नवी पोस्ट पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरमध्ये बसते, तेव्हा पुन्हा घट्ट करायचीच. ख चा कोन पाणसळीवर पाहिला : एक अंश खाली, जागचा हललेला नाही. ग ची सीट आडव्या पट्टीने मोजली : उजवीकडचा खोलगा ४ मिमीवरून ३ वर. जेलचे कव्हर क च्या मालकाने घरच्या लाकडी पाटाला लावले आहे.